एकच प्रयोग

पितळेची समई. मुगलसराय स्टेशनावर राहून गेलेली ट्रंक. जांभळी नऊवारी. दुर्गाघाटाच्या भिंतीवर कागद: पुण्याचं मराठी नाटक, एकच प्रयोग.

लग्न होऊन काशीत आल्यापासून विद्युल्लताकाकूंनी नाटक पाहिलं नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी दुपारीच त्या तिकिटाला गेल्या.

"वीसवाली खतम, काकू," प्रयोग भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस नीलकंठराव म्हणाले. "आता शंभरवालीच उरलीत."

"मी मागे उभी राहीन."

"बँकेचे बडे साहेब येतायत. बरं दिसत नाही."

"मग पडद्यामागे, एका कोपऱ्यात?"

"तिथे बाहेरच्यांना मनाई असते, काकू."

काकू घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची संपदा भाजी निवडताना सांगत होती, "पडदा उघडला आणि आधी टाळ्या सजावटीलाच! ती समई काय, नायिकेची जांभळी नऊवारी काय! पुण्याच्या लोकांचं सामानच वेगळं हो. आपल्याकडे कुठलं असलं?"

"समईत तेल पुरलं का गं शेवटपर्यंत?" काकूंनी विचारलं.

नाटकवाल्यांची ट्रंक पोचली नाही म्हणून समई आणि नऊवारी प्रयोगाच्या आदल्या दिवशी नीलकंठराव काकूंकडूनच मागून घेऊन गेले होते.