दाराला दिलेली ओळख

सोसायटीचे सेक्रेटरी प्रभुदेसाई नव्या गाडीतलं बटण दाबून थकले, तरी पार्किंगचं दार ढिम्म हलेना.

"ही गाडी ओळखीची नाही. शेजारच्या गाडीने ओळख द्यावी," दार म्हणालं.

शेजारची जागा मृणाल तांबटची. गेल्या वर्षी, जिन्यात चपला ठेवते म्हणून प्रभुदेसाईंनी दाराच्या यादीतून तिच्या गाडीची ओळख पुसून टाकली. त्याच सकाळी तिच्या बाबांच्या छातीत कळ आली आणि गाडी आतच अडकली. प्रभुदेसाई नाश्ता उरकून दार उघडायला आले, तोवर एकोणीस मिनिटं झाली होती. बाबा गाडीतच गेले. पुन्हा आपल्यावर बोट नको म्हणून प्रभुदेसाईंनीच नियम केला, की शेजारी सांगेल तसंच दार उघडेल आणि ते दुसऱ्या कुणालाही बदलता येणार नाही.

मृणालची गाडी मागे येऊन थांबली. प्रभुदेसाई उतरून तिच्या काचेपाशी गेले.

"झालं गेलं विसर गं. देतेस ना ओळख?"

"देते की, काका." तिने बटण दाबलं आणि दाराला सांगितलं, "यांना आत-बाहेर कधीही सोड. बटण दाबल्यावर एकोणीस मिनिटांनी."

"अगं, उद्या मला काही झालं तर?"

"तर येईन ना मी खाली. नाश्ता उरकून."