कॉलरचा माईक

लांब उडीची शेवटची संधी होती. तेजलला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि कानातल्या मशीनशिवाय फारसं ऐकूही येत नव्हतं. पलीकडे वाळूपाशी तिच्या प्रशिक्षक घोरपडे मॅडम कॉलरच्या माईकमध्ये हाका देणार, त्या थेट तिच्या मशीनमध्ये येणार आणि त्या तालावर ती धावणार, असं ठरलेलं.

हाकेऐवजी कानात कुणीतरी खाकरलं. “या भगिनींचे कान आम्ही होऊ,” एक जाडाभरडा आवाज म्हणाला.

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, “प्रमुख पाहुणे उगवलेत. मंडपातला लाउडस्पीकर बंद, म्हणून आयोजकांनी माझाच माईक ओढून त्यांना दिला. सगळं मैदान ऐकतंय असं वाटतंय त्यांना.”

साहेब बालपणापासून सुरू झाले होते. त्यांची गरिबी, त्यांचं कार्य, त्यांची माऊली, सगळं एकट्या तेजलच्या कानात ओतलं जात होतं. तिने मशीन बंद केलं आणि निवांत जांभई दिली.

भाषण संपलं, तरी एक टाळी पडली नाही. साहेब फुरंगटून धावपट्टीवर आले. मॅडमनी खांद्यावर थोपटल्यावर तेजलने मशीन सुरू केलं.

“काय ताई, आवडलं का भाषण?”

“हा माईक फक्त माझ्या कानाला जोडलाय, साहेब. ऐकणारी मी एकटीच, आणि मी मशीन बंद ठेवलं होतं. आता तो मॅडमना द्या आणि बाजूला व्हा. माझी उडी राहिलीय.”