दोन हिरवी बोटं

हरलेल्या संघाने दोन्ही संघांचे कपडे धुवायचे, हा तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेचा जुना रिवाज. म्हणून हर्षला मुकाट्याने एकेक जर्सी टाकीत सोडत होती. साबण नाही, सुगंध नाही. टाकीत नुसतं पाणी आणि घाम खाणारे जंतू. पूर्वी वासावर वास ओतायचे, तरी काखेतला आंबूस दर्प हटत नसे. हे जंतू तो मुळासकट फस्त करायचे आणि खाताना उजळायचे. प्रत्येकीचा घाम वेगळा, म्हणून उजेडही वेगळा. हर्षलाचा हिरवा होता.

शेवटच्या चढाईत आपण रुबीनाला शिवलो, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. समोरच्या संघातल्या रुबीनाला काही जाणवलं नव्हतं. पंचांनी गुण दिला नाही आणि सामना गेला. "खोटं बोलून गुण मागायचे नसतात," एवढंच तिचे प्रशिक्षक घोरपडे सर म्हणाले. तेव्हापासून तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता.

रुबीनाची जर्सी बुडाली आणि केशरी उजळली. त्या केशरी उजेडात, खांद्याच्या मागे, हळूहळू दोन हिरवी बोटं उमटली. पेरांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

दाराशी उभे असलेले सर टाकीजवळ आले आणि बघतच राहिले. "काढ ती बाहेर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पंचांना दाखवू."

हर्षलाने हात पुढे केला नाही. तिला जे स्वतःलाही खरं वाटेनासं झालं होतं, ते या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी ओळखलं होतं.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "जेवतायत ते."