ठेका

खोलीत एक खुर्ची, एक हेडफोन, एक बटण आणि काचेपलीकडे कान तपासणाऱ्या ताई होत्या. खुर्चीत बसलेला तो गायक होता; लोकगीताच्या बाजाची रॉक गाणी स्वतःच लिहायचा, गायचा, घरीच मिक्स करायचा. पाठीशी ना कंपनी ना स्टुडिओ. सगळी भिस्त कानांवर. पण नवा अल्बम ऐकून ड्रमवाला म्हणाला होता, "गिटार सुईसारखी टोचतेय रे. वरचे सूर तुला कमी ऐकू येतात की काय? कान दाखवून घे." तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता.

"सूर ऐकू आला की बटण दाबा," ताई हेडफोनमधून म्हणाल्या.

सूर एकामागून एक येत राहिले, बारीक होत गेले. त्यानं एकही न चुकवता बटण दाबलं आणि सुस्कारा सोडला.

"ठेका पक्का आहे हं तुमचा," ताई म्हणाल्या. "शेवटच्या पाच वेळा मी काही वाजवलंच नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझीच, सारख्या अंतरानं वाजवत होते. आता अंतर बदलत राहीन."

त्यानं डोळे मिटले आणि श्वास रोखून अंगठा बटणावर ठेवला. बराच वेळ गेला.

"करा ना सुरू, ताई."

"सहा सूर वाजवून झाले."