गाडीची मालकीण

“मोटारसायकल तुमच्याच नावावर आहे ना, मॅडम?”

फोनवर कुणी बाई होती. इंग्रजी स्वच्छ, आवाज दमलेला. मागे ट्रक घुरघुरत होते. मालविका जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या आपल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसली होती. होमऑफिस, घरूनच काम. मीटिंगमध्ये कुणीतरी जर्मनमधून आकडे वाचत होतं. तिनं त्याचा आवाज बंद केला.

“हो. माझ्याच.”

“मी बोट्स्वानाच्या बॉर्डरवरून बोलतेय, कस्टम्समधून. तुमचे मिस्टर नामिबियातून आलेत. गाडी तुमची, आणि तुमच्या परवानगीचं पत्र काही त्यांच्याकडे नाही.”

नसणारच. गाडी घेतली तेव्हा इन्शुरन्स तिच्या नावावर स्वस्त पडत होता, म्हणून तिच्या नावावर. पुण्याची डोकी. पुढे प्रद्युम्न ती जहाजात घालून आफ्रिकेला नेईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मार्चमध्ये तो म्हणाला, जरा एकटा फिरून येतो. ती म्हणाली, बरं. कधी येशील, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तेव्हापासून फोटो येत होते, फॅमिली ग्रुपवर. तिला वेगळा एकही नाही.

“स्पीकरवर टाक गं,” सासूबाई पुटपुटल्या. त्या समोर पालक निवडत होत्या. पुण्याहून मुलाकडे म्हणून आल्या होत्या, आणि मुलगाच घरात नव्हता.

तिनं स्पीकर लावला.

“तुम्ही हो म्हणालात तर सोडते,” बाई म्हणाली. “नाही म्हणालात तर गाडी इथूनच मागे फिरेल. मग परत नामिबियात विंडहुक गाठायचं, आणि तिथून विमानानं घर.”

सासूबाईंना इंग्रजी कामापुरतं कळायचं. त्यांनी पालकाच्या ओल्या हातानं मालविकाचं मनगट धरलं.

“नाही म्हण.”

“आई…”

“अगं, नाही म्हण! एक शब्द. मुकाट्यानं घरी येईल. माझा मुलगा आहे, मी ओळखते ना. कुणी आडवं आलं की तो घरीच येतो.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर काय? आल्यावर मी वरणभात टाकते.”

मालविकाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. रडूही नाही. दाताला भूल दिल्यावर होतं, तसं तिचं कधीपासून झालं होतं. जीभ लावून बघावं तर सगळं जागच्या जागी, पण आपलं काहीच नाही.

“मॅडम, इथे रांग लागलीय.”

“त्याला द्या ना जरा फोन.”

फोनमध्ये वारा शिरला. “हॅलो,” प्रद्युम्न म्हणाला. “सॉरी. मीटिंगमध्ये होतीस?”

“होते.”

“जेवलीस?”

“हं.”

सासूबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, बोल, बोल.

“तू नाही म्हणालीस तरी चालेल,” तो म्हणाला.

राग नाही, टोमणा नाही. सुट्टीला कुठे जायचं, मूल हवं का नको, सोफा कुठला घ्यायचा. त्याला सगळंच चालायचं.

“जायचंय का तुला पुढे?” तिनं विचारलं.

“आलोच आहे इथपर्यंत तर…”

“बाईंना दे.” आणि मग इंग्रजीतून, मीटिंगमध्ये बोलते तशा सरळ आवाजात ती म्हणाली, “जाऊ द्या त्यांना. माझी हरकत नाही.”

सासूबाईंनी मनगट सोडलं.

“एक शेवटचं,” बाई म्हणाली. “गाडी तात्पुरतीच आत सोडतेय मी. ती परत जर्मनीला येणार ना?”

मालविकानं लॅपटॉपकडे पाहिलं. तिकडे ओठ हलत होते.

“ते मला नाही माहीत. त्यांनाच विचारा.”

बाईनं विचारलं. विचारल्याचं इकडेही ऐकू आलं.

“द बाइक?” प्रद्युम्नचा आवाज लांबून आला. “येस. द बाइक विल कम बॅक.”

शिक्का बसला, ठप्प. फोन कट झाला.

“कम बॅक म्हणाला ना? म्हणाला ना गं?” सासूबाई पदराला हात पुसत उठल्याच. कपाटावरच्या देवापुढे वाटीत साखर ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. चिमूटभर साखर घेऊन परत आल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. “येतोय म्हटल्यावर बस. उशिरानं का होईना. घे, तोंड गोड कर. आ कर.”

मालविकानं आ केला.