गणपतदादाच्या स्प्रिंगा

ऊन डोक्यावर आलं तरी गणपतदादा वाढलेल्या पानाकडे फिरकायला तयार नव्हता.

रुसण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मागे एकदा कढीत मीठ कमी पडलं म्हणून आठवडाभर तो घरात फक्त मांजराशी बोलला होता. आज मात्र त्याच्यापायी सगळी भावकी उपाशी ताटकळली होती. तो जेवल्याशिवाय जेवणार कोण?

धाकटा भाऊ सत्यवान हात जोडजोडून थकला. "दादा, तुझ्या सुगंधेक फुडे शिकवतंय. परड्यातलो फणस तोडूचंय नाय."

काही फरक पडला नाही.

"फणसाचा कित्याक सांगतास, भावजी?" गणपतची बायको शेवंती हळूच म्हणाली. "तेंका काय होया ता तुमका म्हायत आसा."

माहीत होतंच. सत्यवानाने डोक्यावरचा टॉवेल घट्ट केला आणि सायकल कसालच्या वाटेला घातली.

डब्यांची झाकणं कापायचा प्रेस दोघा भावांनी मिळून घेतला होता. धंदा सत्यवान बघे, प्रेस गणपत चालवी. ठोकळा खाली येऊन पत्रा कापायचा आणि वर जाताना पत्र्याला चिकटवून नेऊ बघायचा. तो पत्रा ढकलून खाली पाडणं हे स्प्रिंगांचं काम. स्प्रिंगांत दम नसला की तेच काम माणसाचा हात करतो. सत्यवानाने तिथे मोडीतल्या मोटारीच्या सीटमधल्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. या युक्तीचं गावात कौतुकही झालं होतं. गणपतने तेवढं केलं नाही.

कसालला भाईचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मुंबईच्या कारखान्यात डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात त्याची उमर गेलेली.

"आत ये रे, उन्हात कित्याक उभो? चाय सांगतंय."

"नको. हंयच बरो. घराकडे अजून कोण जेवूक नाय," पायरीखालूनच सत्यवान म्हणाला. "डायच्या स्प्रिंगा होयेत. सगळ्यांत कडक."

भाई बघतच राहिला. "आज सूर्य खंय उगावलो? गणपत कितीदा येवन ह्योच स्प्रिंगा हाताळून गेलो. 'सत्यवान हो म्हणालो की व्हरतंय' म्हणायचो. मी म्हटलंय, बाबा रे, सत्यवानाचो हो म्हणजे कोकणातली रेल्वे. येतली, येतली म्हणता म्हणता माणसां म्हातारी झाली."

सत्यवान हसला नाही.

भाईने तीन-चार जातींच्या स्प्रिंगा फळीवर मांडल्या. पहिली त्याने अंगठ्याने दाबली. दुसरीला तळहात लागला. शेवटची जाड, चपट्या तारेची होती. तिच्यावर त्याने सगळं अंग टाकलं, पण ती केसभरही हलली नाही.

"हीच," सत्यवान म्हणाला.

"हीच म्हणान चलाचा नाय. कडक स्प्रिंग थोडीच दबता. चार बोटां उंच आसली तर बोटभरसुद्धा दाबूची नाय, मोडतली. तुझो डाय कितको दाबता?"

"अर्ध्या बोटापेक्षा कमी."

"मगे बरोबर. चारही सारख्या घाल. एक नवी नि तीन जुनी घातलंस तर पत्रो ढकलणारी पाटी वाकडी उठतली." भाईने स्प्रिंगा कागदात बांधल्या. "गणपतचो हात चेपलो नि मगे ताप चढलो म्हणान आयकलंय. आता कसो आसा?"

"आता दुखणा नाय."

"बरा झाला. तेका सांग, भाईन निवडून दिल्यान."

पुडी सत्यवानाने हातात घेतली नाही. "कॅरिअरवर ठेव," म्हणाला.

तो परतला तेव्हा माणसं व्हाळाकाठच्या सावलीत बसली होती. त्याला पाहून सगळी उठली. शेवंती लांब, माडाच्या बुंध्याशी उभी होती. सत्यवानाने पुडी सोडली आणि चारही स्प्रिंगा पानाशेजारी एका ओळीत उभ्या केल्या. मग डोक्यावरचा टॉवेल काढून हात जोडले.

"दादा, आजच बसयतंय. ह्याच्या फुडे कोणाचो हात आत जावचो नाय."

सगळे मागे सरले.

माडावरचा कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.