हातभर वरून

नोकरीतल्या लेकानं हट्टानं पाठवलं म्हणून उदगीरकडच्या खेड्यातली नागुबाई समाजाच्या मंडळींबरोबर थायलंडची विहारं बघायला गेली. पण जीव सगळा घरच्या कोरड्या रांजणात. त्या दुष्काळात गावात फक्त, ती जिच्या रानात राबायची त्या मालकिणीच्या बोअरला पाणी होतं. मालकीण पाणी द्यायची, पण हातभर वरून. प्यायचं असलं तर ओंजळीत, न्यायचं असलं तर घागरीत. शिवाशिव नको!

बँकॉकात त्या लोकांचं नवीन वर्ष होतं. रस्त्यात एकमेकांवर बादल्या-बादल्यांनी पाणी उधळत होते. "पाण्याला कुणी वाली हाय का न्हाई?" नागुबाई तळमळली. तेवढ्यात विहाराच्या दारात एका पोरीनं तिच्यापुढं पाण्याची वाटी उचलली. जन्माची सवय! नागुबाई कमरेत वाकली आणि तोंडाला ओंजळ लावली.

पोरगी गोंधळली. मग तीच गुडघ्यावर बसली, नागुबाईचे हात धरून खाली घेतले, त्यांवर पाणी घातलं आणि मान लववून थांबली.

"मावशे, पिऊ नको," बरोबरचे गुरुजी म्हणाले. "इथं थोरांच्या हातावर असं पाणी घालतात. आशीर्वाद मागतेय ती."

चौथ्या दिवशी गावी परतलेली नागुबाई घागर घेऊन बोअरवर हजर. मालकिणीनं तांब्या वर धरला. "उन्हाची आलीस, आधी पी. वाक की गं नागे, हात दुखला माझा!"

नागुबाई ताठ उभी.

"तुम्ही बसा की गुडघ्यावर, मालकीण. आशीर्वाद देते."